वाळूवरची नक्षी

टायरची नक्षी बघून गाडी ओळखायची मला खोड आहे. महाळुंग्याजवळच्या एका टायरच्या कारखान्यात मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. इथे सोळा वर्षं झाली, त्याआधी पिंपरीत नऊ. तयार टायर माझ्यासमोर फिरतो, मी त्याच्यावरून आणि आतून हात फिरवतो. कुठे फोड लागला, भेग लागली, तर पिवळ्या खडूनं खूण करून बाजूला काढतो. नाही लागली तर ओके देतो. ओके दिलेल्या टायरवर माझा नंबर चढतो. उद्या तो टायर तक्रार होऊन परत आला, तर आधी नंबर बघतात आणि मग त्या नंबरच्या माणसाला बोलावतात. पंचवीस वर्षांत मला दोनदाच बोलावलंय, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो.

निगडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चिखलाचे पट्टे उमटले की मी उभ्या उभ्या निदान करायचो. हा दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या गाडीचा, पुढचं डावं चाक आतून खातंय, अलाइनमेंट करून घ्यायला सांगा. लोक खरंच गाडी दाखवून यायचे आणि माझं बरोबर निघायचं. बायको म्हणायची, बाकीच्यांचे नवरे माणसांची तोंडं बघतात, आमचे चाकं बघतात. मला ते कौतुकच वाटायचं.

बायकोचा धाकटा भाऊ हिंजवडीजवळ माणला आयटीत आहे. दोन वर्षं वाट बघून त्यानं चारही चाकांना जोर मिळणारी ती उंच, डोंगरातून चालणारी गाडी घेतली. शोरूममधून निघाला तो थेट आमच्याकडे आला आणि म्हणाला, दाजी, आधी टायर बघा. टायर आमच्या कारखान्याचे होते. मी खाली बसून नक्षीवर हात फिरवला तेव्हा माझी छाती जरा फुगलीच. आमच्यात नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत नाहीत. सासऱ्यांच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. जीवहिंसेपासून अलिप्त राहीन हे त्यातलं पहिलं. ते म्हणताना मी खिडकीतून खाली गाडीकडे बघत होतो, हे आता आठवतं.

सासुरवाडीत माझा मान मोठा आहे. पहिलं ताट दाजींचं, गाडीत पुढची सीट दाजींची, आणि वाद झाला तर दाजी म्हणतील ते. मेहुणा माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेला, पण चारचौघांत त्यानं माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर चटकच लागली.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आल्या आणि आम्ही तिघं कोकणात गेलो. बायकोला कासवं बघायची होती. थंडीत समुद्री कासविणी किनाऱ्यावर येतात, वाळूत अंडी घालतात, हे तिनं मोबाइलवर बघितलं होतं. ज्यांच्या घरी उतरलो त्या मालकांनी रात्री जेवताना सगळं सांगितलं. किनारा राखीव आहे, वनखात्यानं गावातलाच एक माणूस राखणीला नेमलाय, तो रोज पहाटे किनारा चालतो, ताजी अंडी शोधतो आणि जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतो. आणि हो, गाडी किनाऱ्यावर घालू नका. मेहुण्यानं मान डोलावली. मीही डोलावली.

तरी पहाटे आम्ही गाडीनंच निघालो, किनाऱ्यापर्यंत म्हणून. मेहुण्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. असली गाडी घ्यायची आणि आयुष्यभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर चालवायची, याचं त्याला वाईट वाटायचं. डांबर संपून वाळू सुरू होत होती तिथे बोर्ड होता. वाहन नेण्यास सक्त मनाई, खाली कायद्याचं कलम, खाली कासवाचं चित्र. बायकोनं तो मोठ्यानं वाचला. मेहुणा क्षणभर स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला आणि म्हणाला, जाऊ दे, इथेच लावतो. गोष्ट तिथेच संपत होती.

मी पाय मोकळे करायला उतरलो. नुकतं फटफटत होतं. ओहोटी होती, समुद्र लांब आत गेला होता. पन्नास-साठ पावलांवर मला वाळूत दोन पट्टे दिसले. पाण्याकडून वर सुरूच्या झाडांकडे गेलेले, चांगले हात-दीड हात रुंद, आणि त्यांच्या दोन्ही कडांना तिरपे खोल ठसे, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी खाली बसलो. ठशांची खोली बोटानं मापली. मग उभा राहिलो आणि कारखान्यात ओके देतो तशा आवाजात जाहीर केलं की हा ट्रॅक्टर आहे, मागची मोठी चाकं, कोळी लोक होड्या ओढायला आणत असणार.

दोन पट्ट्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. खाली जास्त, वर कमी. ट्रॅक्टरची चाकं काही चालता चालता जवळ येत नाहीत. कारखान्यात एवढी शंका आली असती तर मी टायर बाजूला काढून तिघांना दाखवला असता. इथे मी स्वतःलाच समजावलं की वळण घेतलं असेल. आणि पट्टे सरळ समुद्रातून निघालेत, म्हणजे ट्रॅक्टर समुद्रातून बाहेर आला का, हा प्रश्न तर मला पडलाच नाही. मी गाडीपाशी येऊन म्हणालो, "ट्रॅक्टर गेलाय म्हणजे वाळू कडक आहे. आणि गावातलेच नेतात, तर बोर्ड काय फक्त आपल्यासाठी आहे?"

बायको म्हणाली, अहो, नको. मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. दाजींनी ओके दिला होता.

वाळूवर जायचं तर टायरची हवा कमी करायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. ती चारही चाकांची हवा मी माझ्या हातानं सोडली. बायको गाडीत बसली नाही, मागून चालत येत होती. ओल्या वाळूवर गाडी इतकी मऊ चालली की मेहुणा लहान मुलासारखा हसायला लागला, आणि त्याला तसं हसताना बघून मलाही बरं वाटलं. वर झाडांपाशी गाडी उभी करून फोटो काढायचा ठरलं. मी उतरून पुढे उलटा चालत हातानं दाखवत होतो, डावं चाक पट्ट्यात घे, सरळ ये, ये. पट्टे संपले तिथे पुढचं डावं चाक एकदम खाली गेलं. मेहुण्यानं जोर दिला. चाक जागेवर दोनदा गरकन फिरलं आणि आणखी खाली बसलं. मी हात वर केला.

मी गुडघ्यावर बसून चाकाखालची वाळू हातानं उपसायला लागलो. बोटांना चिकट, पिवळं काहीतरी लागलं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो ऑइल गळतंय हा. नवी कोरी गाडी आणि ऑइल गळतंय, शोरूमवाल्याला सोडत नाही, एवढं सगळं माझं मनात बोलून झालं. मग हातात एक पांढरं मऊ टरफल आलं, ओल्या कागदासारखं दुमडलेलं. त्याच्यामागे एक अख्खं अंडं आलं, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूएवढं. बायको मागून येऊन माझ्याशेजारी बसली आणि तिनं माझं मनगट धरलं.

राखणदार नेमका तेव्हाच आला. साठीचा, बारीक अंगाचा, एका हातात वेताची पाटी, दुसऱ्या हातात काठी. मला वाटलं आता हा शिव्या घालणार. त्यानं आधी वाळूतले पट्टे बघितले, पाण्यापासून वरपर्यंत, आणि मग आमचं चाक. पट्टे बघितले तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. एक पट्टा येतानाचा, एक जातानाचा. ओहोटी लागल्यावर कासवीण वर आली असणार, खड्डा करून अंडी घातली असणार, वाळू लोटून परत गेली असणार. तो रोज पहाटे हेच पट्टे शोधत चालतो. आज त्याच्या आधी मी पोहोचलो होतो.

"चावी काढ गाडीची," तो मेहुण्याला म्हणाला. "आता चाक फिरवायचं नाय."

मेहुण्यानं गाडी बंद केली, पण चावी हातातच धरून उभा राहिला. तो सारखा समुद्राकडे बघत होता. राखणदारानंच सांगितलं की आज उधाणाची भरती आहे, पाणी या झाडांच्या जवळपास येईल. गाडीचं तोंड वर होतं आणि मागची चाकं उतारावर, पाण्याच्या वाटेत. मागच्या चाकांखालची वाळू पाण्यानं ओढली तर गाडी तिथेच बसणार होती. आणि मेहुण्याला कळत होतं, मलाही कळत होतं, की रिव्हर्स टाकून एकदा जोर दिला तर ही गाडी निघेल. टायर चांगले होते. चाक खड्ड्यात चार-पाच वेळा फिरलं असतं, एवढंच.

"दाजी, एका झटक्यात निघेल. तुम्ही सांगा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

आयुष्यात मला मानाचा इतका राग कधी आला नव्हता. मी त्याच्या हातातून चावी घेतली आणि खिशात टाकली. नाही म्हणालो. जॅक काढ म्हणालो.

नुसता जॅक वाळूत लावला तर गाडी उठायच्या ऐवजी जॅकच आत जातो. राखणदारानं त्याच्या खोपटातून फळी आणली. ती खाली घालून आम्ही गाडीची डावी बाजू इंचाइंचानं उचलली. चाक न फिरता सरळ वर आलं. त्याच्या नक्षीच्या खाचाखाचांत पिवळं भरलेलं होतं. राखणदार लगेच चाकाखाली हात घालायला वाकला, तर मी त्याला अडवलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे आम्हाला कामाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्टेपनी काढून आडवी गाडीखाली सरकवली, जॅक सुटला तरी गाडी तिच्यावर बसावी म्हणून. मग त्याला जागा दिली.

एवढं एक काम त्या दिवशी मी नीट केलं.

तो पोटावर झोपून अंडी काढत होता आणि बायको ती पाटीत ओल्या वाळूवर ठेवत होती. जशी काढली तशीच ठेवायची, उलटीपालटी करायची नाहीत, असं त्यानं एकदाच सांगितलं. तिनं प्रत्येक अंडं दोन्ही हातांनी घेतलं. वरची फुटली होती, खालची शाबूत होती. फुटलेली त्यानं वेगळी ठेवली, फेकली नाहीत. किती म्हणून मी विचारलं तेव्हा म्हणाला, एकशे चार, त्यातली एकतीस गेली. तोवर पाणी मागच्या चाकांना लागलं होतं. पाटी वर नेऊन ठेवल्यावरच त्यानं खड्डा भरायला सांगितलं. फळी चाकाखाली घालून आम्ही गाडी मागे काढली तेव्हा लाट मागच्या बंपरवर आपटत होती. मेहुण्यानं ती गाडी वर रस्त्यावर नेली आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

मग राखणदार आमच्यासमोर आला. खात्याला कळवावं लागेल म्हणाला, माणूस येऊन लिहून नेईल. आणि साध्या आवाजात विचारलं, "बोर्ड वाचलात ना? मग इकडं गाडी घालायचं कोणाच्या डोक्यात आलं?"

मी हातावरची वाळू झाडायला लागलो. मेहुण्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला एवढंच म्हणायचं होतं की दाजींनी सांगितलं. तो म्हणाला, "गाडी माझी आहे. मीच चालवत होतो." खात्याचा माणूस आला तेव्हाही तो तेच बोलला. कागदावर त्याचं नाव गेलं, सही त्यानं केली. माझा मान त्यानं तिथेही राखला आणि मी तो राखू दिला. राखणदारानं निघताना माझा फोन नंबर तेवढा मागून घेतला. मेहुण्याचा कागदावर होताच.

आम्ही ताम्हिणीमार्गे घरी आलो. नंतर मेहुणा आमच्याकडे येईनासा झाला. गाडीच्या मागच्या भागात खारं पाणी गेलं होतं, ती सर्व्हिसिंगला होती, कामही जास्त होतं, कारणं पुष्कळ होती.  बायको एकदाच, रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, की पहिलंच शील होतं, आणि आपण सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं. मी कारखान्यात टायरवर हात फिरवायचो आणि नक्षीच्या खाचांत बोट गेलं की मला ते चिकट पिवळं आठवायचं. टायर परत आला की नंबर बघून बोलावतात. मला कुणी बोलावत नव्हतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

मार्चमध्ये राखणदाराचा फोन आला. तुमच्या घरट्यावरची वाळू बसलीय, उद्या-परवा पिल्लं निघतील, येणार का. तुमचं घरटं, असंच म्हणाला तो. मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला गाडी काढू का, मी म्हटलं एसटीनं जाऊ. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण बसस्टँडवर तो आमच्या आधी येऊन उभा होता, हातात पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाळीच्या कुंपणापाशी राखणदार घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलून बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. रात्रभर वाक्य जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. "गाडी यानं चालवली," मी म्हणालो, "पण ते ट्रॅक्टरचे पट्टे आहेत असं मी सांगितलं होतं. ओके माझा होता."

म्हातारा वर न बघता म्हणाला, "ते मला तवाच कळलं. पोरगं तुमच्याकडं बघत होतं."

मेहुणा खाली वाळूकडे बघत होता. राखणदार उठला, हात झाडले आणि म्हणाला की आता आलात तर वाट साफ करा. वाट म्हणजे कुंपणापासून पाण्यापर्यंतची वाळू. पिल्लं बोटभर लांबीची असतात, त्यांना खाच लागली की ती तिच्यात पडतात आणि उन्हापर्यंत तिथेच धडपडत राहतात. उचलून मात्र ठेवायची नाहीत, चालत त्यांचं त्यांनीच जायचं. काल संध्याकाळी कुणीतरी पुन्हा गाडी घातली होती. या वाटेला आडवे, दोन खोल पट्टे थेट पलीकडच्या खडकांपर्यंत गेले होते.

मी वाकून बघितलं. बघायची गरज नव्हती. नक्षी आमच्या कारखान्याची होती. रोज शेकड्यांनी माझ्या हाताखालून जाते ती, आणि माझ्या नंबरानं पुढे जाते. टायरचा दोष नव्हता, टायर उत्तम होता. मी गुडघ्यावर बसलो आणि पट्ट्याच्या कडा तळहातानं खाली दाबायला लागलो. शेजारी मेहुणा बसला. बायको पायानं वाळू सारखी करत होती. आमच्या तिघांच्या हातून जेवढी रुंदी झाली तेवढी झाली.

राखणदारानं कुंपण उघडून घरट्यावरची टोपली आडवी केली तेव्हा पिल्लं बाहेर आली, काळसर, ओली, घाईत. किती निघाली ते मी विचारलं नाही. बहुतेक सरळ पाण्याकडे गेली. एक डावीकडे भरकटलं आणि आम्ही सारखी न केलेल्या भागात पट्ट्यात पडलं. नक्षीच्या एका खाचेत ते तिरपं अडकून पाय मारत राहिलं. माझा हात आपोआप पुढे गेला आणि राखणदारानं नुसतं हं केलं. मी हात मागे घेतला, पालथा पडलो, आणि त्याच्यापुढची वाळूची भिंत बोटांनी हळूहळू पाडली. ते चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. माझ्या हातापासून वीतभर अंतरावरून ते पुढे गेलं आणि एका लाटेनं त्याला घेतलं.

मी तसाच पडून होतो. माझ्या नाकासमोर ओल्या वाळूत त्याचा माग उमटला होता. दोन बोटं रुंद पट्टा, दोन्ही कडांना बारीक तिरपे ठसे, एक डावीकडे, एक उजवीकडे.

मेहुणा माझ्याशेजारी उकिडवा बसला. दोन महिन्यांत तो माझ्याशी नीट बोलला नव्हता. त्यानं त्या मागाकडे बोट केलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "दाजी, ट्रॅक्टरच ना?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. नाही रे, म्हणालो, चुकलं होतं माझं. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर मी हे पहिल्यांदाच म्हणत होतो. त्यानं मला उठायला हात दिला आणि आम्ही राहिलेला पट्टा सारखा करायला खडकांच्या दिशेनं निघालो.